नखांचा धंदा आणि नखांचा हिशेब



‘हातात कला असली की गिऱ्हाईक आपोआप येते, पार्लरच्या अभ्यासक्रमात धंद्याचे धडे कशाला?’ हे एका पत्रलेखकाचे मत पटत नाही. गिऱ्हाईक येईलही, पण जेल नखांच्या एका बैठकीला दीड-दोन तास जातात. समजा, ८०० रुपये घेतले आणि जेल, टिप्स, अ‍ॅसिटोन यांत २५० गेले. उरलेले ५५० म्हणजे नफा नव्हे. त्यात खोलीभाडे, वीज, यूव्ही दिव्याची झीज आणि काम करणाऱ्या मुलीची स्वतःची मजुरी आहे. ही मांडणी न येणारी मुलगी शेजारच्या पार्लरपेक्षा १०० रुपये कमी लावते आणि राबूनही तोट्यात राहते.

आयटीआयच्या कॉस्मेटॉलॉजीत रोजगारक्षमता कौशल्ये हा विषय आहेच, असे कोणी म्हणेल. आहे, पण तो वेल्डरला आणि पार्लर शिकणाऱ्या मुलीला बहुतांशी सारखाच शिकवला जातो. कळंबसारख्या गावात नखांवर खर्च करणार कोण, हा आक्षेप अधिक वजनदार. म्हणूनच तर हिशेब हवा! इथला पैसा कापूस विकल्यावर, दिवाळीच्या पुढेमागे हातात येतो आणि लग्नसराईत सुटतो. पावसाळ्यात खुर्ची रिकामी. सराईतली कमाई पोळ्यापर्यंत पुरवणे, नखे वाढली की दोन-तीन आठवड्यांनी भरायला येणाऱ्या गिऱ्हाइकांची वही ठेवणे, नवरीच्या घरी जाऊन काम करण्याचा दर आधीच सांगणे, हे सारे वर्गात शिकवता येते. धंदा उभारायला मुद्रा योजनेचे शिशु कर्ज ५० हजारांपर्यंत विनातारण मिळते खरे. पण त्याचा हप्ता सराई बघून येत नाही.

— एक वाचक, कळंब (जि. यवतमाळ)