सरासरी बाईच्या नावाने

सरकारी दवाखान्यात ‘अंतरा’ या नावाने जे गर्भनिरोधक इंजेक्शन दिले जाते त्याची मात्रा १५० मिलिग्रॅम असते आणि ते दर तीन महिन्यांनी घ्यावयाचे असते. घेणारी बाई अडतीस किलोची असो की सत्तर किलोची, तिच्या अंगात रक्त असो वा नसो, मात्रा तीच. अर्थशास्त्र शिकवण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने वैद्यकाच्या प्रांतात पाऊल टाकू नये, असे माझे डॉक्टर मित्र म्हणतील. परंतु ‘सरासरी’ या वस्तूशी माझा पस्तीस वर्षांचा परिचय आहे. दरडोई उत्पन्नाच्या सरासरीमागे साखर कारखान्याचा अध्यक्ष आणि त्याच्या उसाची तोड करणारा मजूर हे दोघे कसे एकाच रांगेत उभे केले जातात, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. सरासरी माणूस कुठेच नसतो. सरासरी बाईही नसते. मात्र सुई टोचली जाते ती खऱ्या बाईला.

आमच्या दोंडाईच्यात मिरचीच्या पथारीवर देठ खुडण्याचे काम करणारी एक बाई मागच्या हिवाळ्यात आमच्याकडे आली होती. दोन इंजेक्शने झाली होती. पहिल्यानंतर दीड महिना अंगावरून जात राहिले, दुसऱ्यानंतर पाळी पार थांबली, आणि डोके सतत जड. “नाना, हाई सुई माले सोसत नही,” एवढेच ती म्हणाली. तिच्या जावेला तेच इंजेक्शन दोन वर्षे चालू होते आणि तिची काहीच तक्रार नव्हती. दवाखान्यात तिला सांगण्यात आले की सगळ्यांना असेच होते, सवय होईल. तिचे कार्ड मी पाहिले. त्यावर तारखा होत्या. तिला काय झाले त्याबद्दल एक शब्द नव्हता.

जावेला सोसते आणि हिला सोसत नाही, याला आपल्याकडे ‘प्रकृती’ असे म्हणून विषय संपवतात. विज्ञानाने हा विषय संपवलेला नाही; उलट तेथूनच तो सुरू केला आहे. शरीरात शिरलेले औषध असो की शरीरानेच तयार केलेले संप्रेरक असो, त्याची मोडतोड करून त्याला बाहेर घालवण्याचे काम मुख्यतः यकृत करते, आणि यकृताचे हे कामगार म्हणजे विकरे, ज्यांना आपण एन्झाइम म्हणतो. सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे त्यांत प्रमुख. ही विकरे घडवण्याचा आराखडा जनुकांत असतो, आणि तो आराखडा माणसामाणसांत थोडाथोडा वेगळा असतो. म्हणून एकाचे यकृत औषध झपाट्याने निकालात काढते, दुसऱ्याचे तेच औषध रक्तात रेंगाळत ठेवते.

हा शोध कसा लागला ती हकीकत मोठी बोलकी आहे. १९७५ साली लंडनमधील संशोधक रॉबर्ट स्मिथ यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर रक्तदाबावरील डेब्रिसोक्विन या औषधाचा डोस स्वतःवर घेऊन पाहिला. सहकाऱ्यांना विशेष काही झाले नाही. स्मिथ मात्र रक्तदाब एकाएकी कोसळून आडवे झाले. त्यांचे यकृत ते औषध मोडूच शकत नव्हते. १९७७ साली या गटाने सिद्ध केले की हा दोष आनुवंशिक आहे. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकाचा मार्ग अडवण्यासाठी टॅमॉक्सिफेन हे औषध दिले जाते, त्याला यकृतात अधिक प्रभावी रूप देण्याचे काम हेच विकर करते. ज्या स्त्रियांत हे विकर मंद आहे त्यांच्या रक्तात हे रूप कमी आढळते. प्रत्यक्ष परिणामात त्याने किती फरक पडतो याबद्दल तज्ज्ञांत वाद आहे, आणि तो वाद त्यांनी खुशाल घालावा. येथे लक्षात घ्यायचे ते एवढेच की या प्रसंगात आडवा झालेला माणूस संशोधक होता, म्हणून प्रश्न विचारला गेला. पथारीवरची बाई आडवी झाली असती तर तिला ‘सवय होईल’ असेच सांगितले गेले असते.

गर्भनिरोधकांच्या बाबतीतही असा पुरावा पुढे आला आहे. दंडात त्वचेखाली बसवण्याची एक बारीक कांडी असते, तिच्यातून संप्रेरक हळूहळू झिरपते. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या संशोधकांनी ही कांडी वापरणाऱ्या साडेतीनशे स्त्रियांची पाहणी केली व ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी सुमारे पाच टक्के स्त्रियांत एक विशिष्ट जनुकभेद आढळला. गर्भाच्या यकृतात काम करणारे आणि जन्माच्या सुमारास विसावणारे एक विकर या स्त्रियांत मोठेपणीही जागेच राहते. त्यांच्या रक्तात औषधाची पातळी इतरांपेक्षा कमी भरली. हाच भेद असणाऱ्या स्त्रियांच्या शरीरातील स्वतःच्या काही संप्रेरकांची पातळीही कमी असते, असे त्याआधीच्या अभ्यासांत दिसले होते. आता हीच कांडी आपल्या शासनाच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात काही जिल्ह्यांपासून आणली जात आहे. कोलोरॅडोतील स्त्रियांची यकृते तपासली गेली, हे चांगले झाले. शहादा-शिरपूरकडच्या भिल्ल आणि पावरा स्त्रियांची यकृते त्या पाहणीत नव्हती.

येथे एक खुलासा केला पाहिजे, कारण आपल्या कार्यकर्त्यांत उत्साहाच्या भरात विज्ञानाची ओढाताण करण्याची खोड आहे. ‘अंतरा’चा त्रास एखाद्या बाईला का होतो, त्याचे सारे उत्तर यकृताच्या जनुकांत नाही. स्नायूतून औषध झिरपण्याचा वेग, वजन, पोषण, इतर औषधे, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. शेवटच्या इंजेक्शननंतर पुन्हा दिवस राहण्यास सरासरी दहा महिने लागतात, आणि काही स्त्रियांना दीड वर्षाहून अधिक. त्या ‘काही’ कोण, हे आधी ओळखण्याचे साधन दवाखान्यात नाही.

आणि जनुके ही शेवटी अर्धीच कहाणी. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन हे औषध यकृतातील याच विकरांना चेतवते. विकरे दुप्पट जोमाने कामाला लागतात आणि गर्भनिरोधक गोळीतील संप्रेरक वेळेआधीच संपवून टाकतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. क्षयाच्या गोळ्या एका खिडकीवर आणि गर्भनिरोधक गोळ्या दुसऱ्या खिडकीवर घेणारी बाई आपल्याला अपरिचित आहे काय? कुपोषणाने शरीराची औषध पचवण्याची रीत बदलते, यावर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत कमला कृष्णस्वामी यांनी कित्येक वर्षे काम केले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आहेत. तेव्हा यकृताचा प्रश्न हा रेशनच्या दुकानापासून आणि रोजगार हमीच्या मजुरीपासून फार दूरचा नाही.

काही मित्र म्हणतील, असे लिहून तुम्ही कुटुंबनियोजनाच्या विरोधकांच्या हाती कोलीत देत आहात. मला हे मान्य नाही. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणाऱ्या र. धों. कर्व्यांना नोकरीपासून अब्रूपर्यंत सारे पणाला लावावे लागले. त्यांच्या पक्षातच आपण उभे आहोत. मूल केव्हा आणि किती, हे बाईने ठरवावे. पण बाईने ठरवणे आणि बाईवर ठरवून टाकणे यांतील फरक या राज्याला १९७६ साली समजला नव्हता. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तेव्हा संमत केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणूनच ते कायदा झाले नाही. सक्ती गेली. लक्ष्य गाठण्याची सवय गेली नाही, तिने फक्त माणूस बदलला. त्याच सर्वेक्षणात स्त्रियांच्या नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आणि पुरुषांच्या नसबंदीचे ०.३ टक्के आहे. पुरुषाचे यकृत या साऱ्या चर्चेत सुरक्षित आहे.

इंजेक्शनाचा इतिहासही विसरण्याजोगा नाही. १९८५ साली हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथे ‘नेट-एन’ या इंजेक्शनाच्या चाचणीसाठी गोळा केलेल्या स्त्रियांना आपण प्रयोगात सामील होत आहोत याची धड कल्पना दिलेली नव्हती, हे स्त्री संघटनांनी उघडकीस आणले. स्त्री शक्ती संघटना व इतरांनी १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९३ साली डेपो-प्रोव्हेरा खाजगी बाजारात आले, १९९४ साली त्याविरुद्धही याचिका झाली. त्यातलेच औषध २०१७ साली ‘अंतरा’ होऊन सरकारी कार्यक्रमात, महाराष्ट्रासह, दाखल झाले. मधल्या काळात औषध बदलले नाही. देशोदेशींचा अनुभव मात्र पुष्कळ जमा झाला, आणि आज या इंजेक्शनाला सरसकट विष म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अनेक स्त्रियांना ते सोयीचे आहे. नवऱ्याच्या नकळत घेता येते, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. संघटनांचा मूळ आक्षेप वेगळा होता: ज्या आरोग्यव्यवस्थेला बाईची विचारपूस करायला वेळ नाही, त्या व्यवस्थेच्या हाती तीन महिने परत न घेता येणारे औषध देऊ नये. गोळी सोसली नाही तर उद्या बंद करता येते. टोचलेले काढून घेता येत नाही. या आक्षेपाला अजून कोणी उत्तर दिलेले नाही.

दुसऱ्या बाजूने बाजार येतो आहे, त्याबद्दलही सावध असले पाहिजे. थुंकी पाठवा, तुमच्या जनुकांचा अहवाल घ्या, असा व्यापार शहरांत सुरू झाला आहे. पैसे असणाऱ्यांना त्यांच्या यकृताच्या मापाचे औषध आणि उरलेल्यांना सरासरी, अशी वाटणी होऊ घातली आहे. शिवाय जनुकाच्या नावावर दारिद्र्याची जबाबदारी झटकण्याची सोयही त्यात आहे; ‘तुमच्या जातीचे जनुकच तसे’ हे वाक्य उद्या एखाद्या अधिकाऱ्याच्या तोंडी आले तर मला नवल वाटणार नाही. प्रत्येक समाजात झपाट्याने आणि मंदपणे औषध मोडणारे दोन्ही प्रकारचे लोक असतात. फरक असतो तो प्रमाणाचा. जात पाहून मात्रा ठरवता येत नाही.

सार्वजनिक पैशातून ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात देशातील विविध समाजांच्या दहा हजार व्यक्तींचे जनुकसंच वाचले गेले आणि २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. ज्यांनी रक्त दिले त्यांचा तिच्यावर पहिला हक्क आहे. संप्रेरके मोडणाऱ्या विकरांचे भेद आपल्या कोणत्या समाजात किती, आणि आपण ज्या मात्रा देतो त्या त्यांना लागू पडतात काय, हे या माहितीतून शोधून ते दवाखान्यापर्यंत पोचवणे शासनाचे काम आहे, कंपन्यांचे नव्हे. पण त्यासाठी थांबण्याची गरज नाही. आजच्या आज प्रत्येक इंजेक्शनाच्या वेळी बाईला काय त्रास झाला ते तिच्या शब्दांत कार्डावर लिहिता येते, क्षयाचे वा अन्य औषध चालू आहे काय हे विचारता येते, आणि गोळी, तांबी, निरोध, नवऱ्याची नसबंदी हे सारे पर्याय खरोखर समोर ठेवता येतात. याला जनुकतपासणी लागत नाही, एक वही आणि दहा मिनिटे लागतात. आणि ती दहा मिनिटे द्यायची तर परिचारिकांच्या रिकाम्या जागा भराव्या लागतात आणि आशाताईंना मानधनाऐवजी वेतन द्यावे लागते.

शिंदखेडा तालुक्यातील आपल्या कार्यकर्त्यांनी पुढच्या ग्रामसभांत एवढाच प्रश्न विचारावा: गेल्या वर्षी आपल्या उपकेंद्रात किती स्त्रियांनी पहिले इंजेक्शन घेतले, त्यांतील किती दुसऱ्यासाठी परत आल्या, आणि ज्या आल्या नाहीत त्यांच्या घरी कोण गेले होते? पथारीवरची ती बाई तिसऱ्या इंजेक्शनाला गेली नाही. तिच्या घरी अजून कोणी आलेले नाही.