घर बांधण्याआधी सावली मोजा



मागच्या वर्षी पाचवीच्या मुलांना 'माझे घर' हा निबंध लिहायला दिला होता. बहुतेकांनी नेहमीचंच लिहिलं. आमचे घर लहान पण सुंदर आहे, दारात तुळस आहे, वगैरे. एका मुलीने मात्र लिहिलं, 'आमचे नवीन घर पक्के आहे. घरात दिवसा पण लाइट लावावी लागते. लाइट गेली की मी अभ्यासाला शेजारच्या ओट्यावर जाते.'

वही तपासताना मी थांबले. शुद्धलेखनाची चूक एकही नव्हती. चूक घरात होती.

दुसऱ्याच्या घराला नावं कशाला ठेवू? सोयगावात आम्ही स्वतः दोन खोल्या बांधल्या तेव्हा मीही तेच केलं. फरशीचा रंग, गेटची नक्षी यावर महिनाभर चर्चा केली. खिडकी कुठे ठेवायची, हे मिस्त्रीने विचारलं तेव्हा "ठेवा तिकडं, रस्त्याच्या बाजूला" एवढंच म्हणाले. रस्ता पश्चिमेला आहे. आता एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर त्या खोलीत बसवत नाही. पडदा ओढला की अंधार, उघडला की भट्टी. स्वयंपाकघर दोन घरांच्या मध्ये सापडलंय. सासूबाई तांदूळ निवडायला ताट घेऊन उंबऱ्याशी येऊन बसतात. विज्ञान शिकवणाऱ्या बाईच्या घरची ही गत!

म्हणून माझं मत स्पष्ट मांडते. प्रकाश आणि सावली आपण परीक्षेपुरती शिकवतो. प्रकाश सरळ रेषेत जातो, अपारदर्शक वस्तूची सावली पडते, झालं. हाच धडा घराच्या भिंतीपर्यंत नेला नाही, तर मुलं मोठी होऊन पुन्हा अंधारी आणि तापणारी घरंच बांधतील.

जुन्या घरांत काय होतं?

आपल्याकडची माळवदाची, धाब्याची घरं आठवा. जाड मातीच्या भिंती, समोर ओसरी, छतात एखादं साणं. त्या साण्यातून धूर बाहेर जायचा आणि उजेड आत यायचा. उन्हाचा कवडसा भुईवरून सरकायचा, त्यावरून म्हातारी माणसं वेळ सांगायची. ओसरीमुळे ऊन थेट घरात शिरत नसे. मोठ्या वाड्यांत मधला चौक हेच काम करायचा.

मी जुन्याचं उगाच कौतुक करत नाही. माळवद गळायचं, दरवर्षी माती टाकावी लागायची आणि आतल्या खोल्या अंधाऱ्याच असायच्या. स्लॅब आला हे बरंच झालं. पण माळवदाबरोबर आपण साणंही टाकून दिलं आणि ओसरीची जागा खोलीत घेतली. ते टाकायची गरज नव्हती.

उजेडाचा विचार आपल्या परिसराला नवा नाही. फर्दापूरजवळची अजिंठा लेणी मुलांना सहलीत दाखवतो, तेव्हा फक्त चित्रं दाखवू नका. दहाव्या किंवा सव्विसाव्या लेण्यात उभं राहून विचारा, "इथे उजेड कुठून येतोय?" चैत्यगृहाच्या दर्शनी भागात वर नालेच्या आकाराची मोठी कमान आहे. खालून माणसं आत येतात, वरून उजेड थेट आतल्या स्तूपाकडे जातो. विहारांत बाहेर व्हरांडा, त्यामागे दारं-खिडक्या आणि मग सभागृह आहे. ऊन व्हरांड्यात थांबतं, उजेड तेवढा आत येतो. अखंड कातळ कोरणाऱ्यांना हा हिशोब आधीच करावा लागला, कारण कोरलेला खडक परत जोडता येत नाही. आपल्यालाही स्लॅब पडल्यावर भिंत हलवता येत नाही!

पट्टीने करायचा हिशोब

सोयगाव साधारण २०.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सपाट जागी ३० सेंटीमीटरची पट्टी उभी धरा. आपल्याकडे सूर्य सर्वांत वर येतो तो दुपारी साडेबाराच्या आसपास. त्या वेळी २२ डिसेंबरला सावली जवळजवळ २९ सेंमी पडते. २१ मार्चला ती ११ सेंमीच्या जवळपास असते. मेच्या चौथ्या आठवड्यात एक दिवस सावली पायाखालीच जाते. तो आपला शून्य सावलीचा दिवस. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातही तो पुन्हा येतो, पण तेव्हा ढग दिसू देतील तर ना! या दोन दिवसांच्या मधल्या काळात भरदुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो.

आता हे घराला लावू. दक्षिणेला ४ फूट उंचीची खिडकी आहे आणि तिच्या लगेच वर दीड फुटाचा छज्जा आहे. मार्चमध्ये भरदुपारी छज्ज्याची सावली ४ फूट खाली येते, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. डिसेंबरमध्ये सावली दीड फुटावरच थांबते आणि उरलेल्या अडीच फुटांतून कोवळं ऊन घरात येतं. उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात ऊन. एक पैसा जास्त न घालता!

पश्चिमेला हा छज्जा उपयोगी पडत नाही. तिथलं ऊन तिरपं येतं आणि खालून घुसतं. त्या बाजूला पडवी, जाळी, वेल किंवा कडुनिंब हवा, नाहीतर न्हाणीघर आणि जिना तिकडे घ्यावा. उत्तरेच्या खिडकीतून दिवसभर शांत, एकसारखा उजेड येतो. मुलांच्या अभ्यासाला ती उत्तम. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डावीकडून उजेड आला पाहिजे, म्हणजे हाताची सावली वहीवर पडत नाही. हे वर्गातही बघा.

"पण मॅडम, जागाच कुठाय?"

हा प्रश्न पालक विचारतात आणि तो खरा आहे. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. दोन्ही बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती. चोरांचीही भीती. अशा घराला चार दिशांना खिडक्या कुठून आणायच्या?

पण उजेड वरूनही येतो. स्लॅब टाकण्याआधी ठरवलं तर फूटभर चौकोन सोडून त्यावर जाड काच बसवता येते. कडा उंच घेतल्या तर पाणी आत येत नाही. हे आपलं साणंच की! पत्र्याच्या घरात मधला एक पत्रा पारदर्शक टाकता येतो. ब्राझीलमधल्या आल्फ्रेडो मोझेर या मेकॅनिकने २००२ च्या सुमारास पाणी भरलेली प्लास्टिकची बाटली पत्र्यात बसवून दिवसा खोली उजळवली, त्यात थोडं ब्लीच टाकलं की पाणी हिरवं पडत नाही. भिंतीत वर छोटा झरोका ठेवला तर चोरही शिरत नाही. आतून पांढरा चुना दिला तरी आलेला उजेड खोलीभर पसरतो.

यातलं काहीच फार महाग नाही. फक्त ते आधी ठरवावं लागतं.

शिक्षकांनी एवढं करावं

यंदा प्रकाशाचा धडा घेताना मुलांना घरचा सावलीचा नकाशा काढायला सांगा. सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि संध्याकाळी चार. कोणत्या खोलीत ऊन येतं, कुठे दिवसा लाइट लागते, आई भाजी कुठे बसून निवडते आणि आपण अभ्यास कुठे करतो, हे मुलांनी त्यावर लिहावं. पालकसभेत ते नकाशे भिंतीवर लावा. ज्यांचं बांधकाम निघणार आहे, ते पालक तिथे नक्की थांबतील.

आमच्या पश्चिमेच्या खिडकीबाहेर मी कडुनिंब लावलाय. अजून कमरेएवढाच आहे. सावली द्यायला त्याला काही वर्षं लागतील. त्या मुलीच्या वडिलांशीही बोलले. मागच्या भिंतीत वरच्या बाजूला झरोका काढता येईल का, ते मिस्त्रीला विचारणार आहेत. तो झाला तर तिला अभ्यासाला शेजारच्या ओट्यावर जावं लागणार नाही.