कोंबडीच्या पायाखालचं हिरवं

गावरान अंडं घेताना आपण कोंबडीची जात विचारतो. ती कुठल्या रानात चरली, हे विचारत नाही. बलकाचा गडद केशरी रंग मात्र येतो तो तिनं खाल्लेल्या हिरव्या पाल्यातून. कोंबड्या मोकळ्या सोडल्या की थोड्याच दिवसांत अंगण उकरून बोडकं करतात. मग मोकळीक उरते, चारा उरत नाही. म्हणून त्यांच्यासाठी कुरण पेरायला हवं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लसूणघास पेरा. पाणी नीट मिळालं तर तो ३ वर्षं टिकतो. कडेनं शेवगा लावा. जागेचे ४ तुकडे करून एकेक आळीपाळीनं खुला करा, म्हणजे घास पुन्हा फुटतो आणि जंतांचा जोरही कमी होतो. जून, राठ गवत कोंबडीला पचत नाही. ती कोवळा शेंडा चोचीत धरते, मानेला झटका देऊन तोडते आणि लगेच पानाखालच्या किड्याकडे वळते. हिरवळ आली म्हणून दाणा आणि शिंपल्यांचा चुरा बंद करून चालत नाही. पण चरण्यात गुंतलेली कोंबडी सहसा सोबतिणींची पिसं उपटत नाही. जिची अंडी आपण खातो, तिला एवढं हिरवं रान आपण द्यायलाच हवं.