आकड्याची हौस, पाटीची सक्ती

तुळिंजच्या नाक्यावर घटकाभर उभे राहावे. कुणाच्या गाडीवर लेकीची जन्मतारीख, कुणी 4141 असा रंगवलेला की 'दादा' वाचावे! हौसेला मोल नसते म्हणतात, पण सरकारने ते लावले आहे. ऑगस्ट 2024 मधील दरवाढीनंतर चारचाकीच्या 0001 क्रमांकाला निदान पाच लाख रुपये पडतात. ज्याची ऐपत त्याने घ्यावा, तक्रार नाही.

प्रश्न सक्तीच्या पाटीचा आहे. 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा पाटी बंधनकारक झाली. दुचाकी व ट्रॅक्टरला दर 450 रुपये अधिक जीएसटी, म्हणजे 531 रुपये. पाटी बदलते, क्रमांक तोच राहतो. वडिलांनी घेतलेल्या ट्रॅक्टरचा ठाण्याचा एमएच-04 काही वसईचा एमएच-48 होत नाही. तेव्हा आठवण पुसली जाईल ही भीती नको.

तुळिंजला महानगरपालिका आहे, केंद्र गाठणे सोपे. तालुक्याच्या पूर्वेकडील गावांनी काय करावे? ऐन लावणीत ट्रॅक्टर केंद्रावर न्यायचा तर डिझेलही जाते अन् दिवसही. ऑनलाइन अर्ज जमत नाही, मग दलाल सांगेल तो आकडा!

हौसेच्या क्रमांकातून लाखो घेणाऱ्या परिवहन खात्याने सक्तीच्या पाटीसाठी गावात शिबिर घ्यावे. ग्रामपंचायतींनी ट्रॅक्टरांची यादी आरटीओला द्यावी, सरकारी दर फलकावर लिहावा. आणि शेतकरी बांधवांनो, पावतीवाचून एक रुपयाही देऊ नका.