श्वानांची ऋतुजन्य कंडू आणि आपली मर्यादा

गेल्या काही वर्षांत शहरांत व तालुक्याच्या गावांतही हौसेने श्वान पाळणाऱ्या कुटुंबांची संख्या वाढली आहे. त्याचा परिणाम आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत जाणवू लागला आहे. पावसाळा सरता सरता, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास, नेहमीचा रुग्ण स्वतःचे औषध घेऊन झाल्यावर सहज म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आमचा कुत्रा सारखा पाय चाटतो, कान खाजवतो. त्यालाही काहीतरी द्या ना!" औषधालयाच्या मालकांकडे तर ही मागणी चिठ्ठीविनाच येते. आयुर्वेदिक आहे, त्याने अपाय काय होणार, ही समजूत त्यामागे असते. या समजुतीला आपण खतपाणी घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहू. परागकणांच्या असात्म्यतेने मनुष्यास प्रायः प्रतिश्याय व शिंका होतात. श्वानात मात्र हीच असात्म्यता मुख्यतः त्वचेवर प्रकट होते. पंजे, कान, मुख, काखा व उदराचा खालचा भाग ही तिची नेहमीची स्थाने होत. बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत तिचा आरंभ होतो. पावसाळ्यानंतर गवते फुलतात, १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवतही मोकळ्या भूखंडांवर माजलेले असते. त्याच सुमारास पिसवा, गोचीड आणि दमट हवेत वाढणारे बुरशीजन्य विकारही बळावतात. या सर्वांत कंडू हे लक्षण समान असते. खरूज, पिसवांची अ‍ॅलर्जी, आहारज असात्म्यता आणि परागज असात्म्यता यांचा भेद त्वचेची खरवड तपासल्याविना व क्रमाने एकेक कारण वगळल्याविना होत नाही. हा व्याधिविनिश्चय आपल्या शिक्षणक्रमात कोठेही नाही.

आता औषधांचा विचार करू. कंडू म्हटल्यावर आपल्या हाताशी सहज येणारे कल्प कोणते? सारिवाद्यासवात द्राक्षा आहे. द्राक्षे व मनुका यांमुळे श्वानाच्या वृक्कांना तीव्र इजा होऊ शकते, हे आज सर्वमान्य आहे. त्याखेरीज आसवारिष्टांत स्वयंजनित मद्य असते, ते वेगळेच. खदिरारिष्टाच्या प्रक्षेपात जातिफल आहे, तेही श्वानास विषारी ठरते. हरिद्राखंड आपणास शीतपित्तात यश देतो. परंतु त्यातील शर्करा, घृत व त्रिवृत् श्वानाच्या कोष्ठास मानवणारी नव्हेत. अतिस्निग्ध आहाराने श्वानास अग्न्याशयाचा शोथ होतो, हे पशुवैद्यकांच्या नित्य परिचयाचे आहे. प्रतिश्यायात आपण विश्वासाने देतो त्या लक्ष्मीविलास रसात कर्पूर, जातिफल व धत्तूरबीज आहे, तर त्रिभुवनकीर्तीत वत्सनाभ. काही ठिकाणी घरगुती उपाय म्हणून लसूण सुचविला जातो. लसूण व कांदा यांनी श्वानाच्या रक्तकणांचा नाश होऊन पांडू उद्भवतो.

बाह्योपचार तरी निर्धोक असावेत, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु श्वान अंगाला लावलेला लेप चाटतो, हे विसरता येत नाही. बाहेरून लावलेले प्रत्येक तेल त्याच्या बाबतीत आभ्यंतर औषधच ठरते. कर्पूरयुक्त तेल किंवा मलम म्हणूनच विशेष घातक आहे.

बालकाच्या मात्रेवरून वजनाच्या हिशेबाने श्वानाची मात्रा काढावी, असा युक्तिवाद काही सहकारी करतात. येथे प्रश्न मात्रेचा नसून सात्म्याचा आहे. मनुष्यास जो आहार आहे तोच श्वानास विष ठरत असेल, तर ती मात्रा निम्मी केल्याने विषत्व जात नाही.

आपल्या परंपरेत पशुचिकित्सा होतीच, असा दुसरा आक्षेप घेतला जातो. होती, आणि ती अभिमानास्पद आहे. पालकाप्याचा हस्त्यायुर्वेद, शालिहोत्राची अश्वचिकित्सा ही त्याची साक्ष होय. चालुक्यनृपती तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासात श्वानांविषयीही प्रकरण आहे. परंतु आचार्यांनी हत्तीसाठी व अश्वासाठी स्वतंत्र तंत्रे का रचली, याचा विचार करावा. प्रत्येक जातीचे शरीर निराळे, म्हणून तिचे शास्त्र निराळे, हाच त्यामागील विवेक. मनुष्याची संहिता उघडून श्वानाची चिकित्सा करणे हे परंपरापालन नव्हे.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० अन्वये पशुचिकित्सेचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकासच आहे. याउलट, औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्याप्रमाणेच पशूंसाठीच्या औषधांचाही अंतर्भाव आहे. म्हणजे पशूंसाठी आयुर्वेदीय औषध निर्माण होऊ शकते, विकले जाऊ शकते. परंतु त्याची योजना आपण करावयाची नाही. ही विसंगती नसून श्रमविभागणी आहे, असे मी मानतो.

मग विचारणाऱ्यास रिकाम्या हाती पाठवावे काय? तसे नाही. निदानपरिवर्जन सांगण्यास कोणाचीच हरकत नसावी. फिरवून आणल्यावर श्वानाचे पंजे व पोट साध्या पाण्याने धुऊन कोरडे करावे, गाजरगवत माजलेल्या जागा टाळाव्यात, अंथरूण वरचेवर धुवावे, पिसवा-गोचिडांचा बंदोबस्त पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्षभर ठेवावा, एवढे आपण अवश्य सांगावे. त्यासोबत जवळच्या पशुवैद्यकाचे नाव लिहून द्यावे. कंडू दीर्घकाळ राहणारी असली तरी तिच्यावर आज नियंत्रण मिळविता येते. आपल्या चूर्णाच्या पुडीमुळे त्या उपचारास महिनाभर विलंब झाला, तर त्वचा सोलवटून पूय होईपर्यंत त्या मुक्या जिवास सोसावे लागते.

औषधालयांच्या मालकांना माझी विनंती आहे की, मनुष्यासाठीचा कोणताही कल्प श्वानासाठी म्हणून देऊ नये. पशूंसाठी अनुज्ञप्ती असलेले उत्पादनही पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवरच द्यावे. एका बाटलीची विक्री गेली तरी चालेल. आपल्या औषधाने घरातला श्वान दगावला ही वार्ता गल्लीत पसरली, तर गेलेला विश्वास परत येत नाही.

आपल्या संघटनेने याबाबत पुढाकार घ्यावा. श्वानास वर्ज्य द्रव्यांची एकपानी सूची तयार करून ती प्रत्येक सभासदाच्या औषधालयात लावता येईल. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा नागपूरचे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ यांच्याशी संपर्क साधून कंडूघ्न क्वाथांच्या बाह्य उपयोगाची रीतसर परीक्षा त्यांच्या देखरेखीखाली व्हावी, असा प्रस्तावही मांडता येईल. तसे झाले तर आयुर्वेदाचा पशुचिकित्सेतील वाटा पुराव्यानिशी सिद्ध होईल. तोपर्यंत आपण हात आखडता घ्यावा, यातच शास्त्राचा मान आहे. सभासदांनी यावर आपली मते अवश्य कळवावीत.