आईची जन्मतारीख कुठे कुठे फिरते?

नोकरी मुलाची, विमा त्याच्या कंपनीचा, पण यादीत नाव माझंही असतं. हल्ली बऱ्याच कंपन्या ग्रुप मेडिक्लेममध्ये कर्मचाऱ्याच्या आईवडिलांनाही घेतात (काही ठिकाणी सासूसासऱ्यांनाही!) आणि ते चांगलंच आहे. सत्तरी उलटल्यावर स्वतंत्र पॉलिसी घ्यायला गेलं की एजंटचा चेहरा कसा होतो, हे माझ्या वयाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. तेव्हा तक्रार त्या सोयीबद्दल नाही. तक्रार आहे ती यादीबद्दल.

म्हणजे बघा. कंपनीचं एचआर खातं एक एक्सेल शीट तयार करतं. त्यात कर्मचाऱ्याचं नाव, नंबर, जन्मतारीख, मोबाईल, बायकोचं नाव, मुलांची नावं, आईवडिलांची नावं, प्रत्येकाची जन्मतारीख, नातं आणि विम्याची रक्कम असते. क्लेमचे पैसे जमा व्हावेत म्हणून कधी बँकेचा खातेनंबरही असतो. हे शीट ब्रोकरकडे जातं, ब्रोकरकडून विमा कंपनीकडे, तिथून टीपीएकडे. टीपीए म्हणजे क्लेमची कागदपत्रं तपासणारी मधली संस्था. दवाखान्यातल्या काउंटरवर 'टीपीएकडून अप्रूव्हल आलं नाही अजून' असं ऐकत आपण तासन् तास बसतो ना, ती. दर महिन्याला कोणी रुजू होतं, कोणी सोडून जातं, कोणाचं लग्न होतं, कोणाला बाळ होतं, की दुरुस्त केलेली यादी पुन्हा त्याच वाटेने निघते. आणि प्रत्येक मुक्कामी तिची एकेक प्रत मागे राहते. ईमेलने गेली असेल तर पाठवणाऱ्याकडे एक, घेणाऱ्याकडे एक, आणि 'सीसी'मध्ये जेवढी नावं घातली तेवढ्या आणखी. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या आईची जन्मतारीख त्या डब्यांमध्ये पाच-पाच वर्षं पडून असते. त्या आईचा त्या कंपनीशी काडीचा संबंध उरलेला नसतो. खरं तर आधीही नव्हता. तिची सहीसुद्धा कुणी घेतलेली नसते.

माझ्या बरोबरीची मंडळी यावर लगेच म्हणतात, पूर्वी बरं होतं हो, सगळं कागदावर. पाकीट बंद, वर लाखेचा शिक्का, रजिस्टर एडीने गेलं की पोचपावती हातात. मलाही पोष्टाबद्दल ममत्व आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोष्ट स्पीड पोष्टात विलीन झालं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. पण आजारपणाचे कागद पाकिटातून जात तेव्हा ते गुप्त राहत, हे मात्र मला मान्य नाही. पाकीट प्रवासात बंद असतं. कचेरीत पोचलं की आवक-जावकच्या टेबलावर ते कोण फोडतं, फोडल्यावर किती वेळ उघडं पडून राहतं, शेजारून चहाचा कप उचलायला आलेला माणूस काय वाचतो, याची पोचपावती कोणी देत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी एका कारखान्यात आहे. कारखाना कोणता ते सांगत नाही. त्याला नैराश्याचा त्रास झाला, पंधरा दिवस दवाखान्यात राहावं लागलं. क्लेमसाठी मूळ कागद ऑफिसमार्फतच पाठवायचे असा तिथला नियम होता. डिस्चार्ज समरी, गोळ्यांची बिलं, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं जाड खाकी पाकिटात घालून त्याच्या बायकोने नेऊन दिलं. पाकीट टपालात फुटलं, कागद मोजून क्रमाने लावायला म्हणून टेबलावर पसरले गेले. तो कामावर परत गेला तेव्हा कँटीनमध्ये सगळ्यांना माहीत होतं. कोणी वाईट बोललं नाही. उलट सगळे फारच गोड वागायला लागले! सुपरवायझरने 'तुझ्या काळजीपोटी' म्हणून त्याला मशीनवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. ओव्हरटाइम बंद झाला. क्लेमचे पैसे मात्र पूर्ण मिळाले. मला म्हणाला, "बाई, पाकीट वाटेत हरवलं असतं तर बरं झालं असतं."

आपल्याकडे २०१७ साली मानसिक आरोग्याचा कायदा आला. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा मिळाला पाहिजे असं त्यात आहे, आणि उपचारांची माहिती गुप्त राखली पाहिजे हेही आहे. पहिलं कलम त्याच्या बँकेच्या खात्यात पोचलं. दुसरं आवक-जावकच्या टेबलावर अडलं.

तर मी ऑनलाइनच्या बाजूची आहे, हे स्पष्टच सांगते. पण ऑनलाइन म्हणजे काय, यावर आपल्याकडे फार गोंधळ आहे. पाकिटातला कागद स्कॅन करून ईमेलला जोडला, किंवा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला, की झालं ऑनलाइन, असा समज दिसतो. व्हॉट्सॲपचा संदेश २०१६ पासून वाटेत कोणाला वाचता येत नाही हे खरं. पण धोका वाटेत कितीसा आणि दोन्ही टोकांना किती? एचआरमधल्या मुलीच्या फोनच्या गॅलरीत तिच्या सहलीच्या फोटोंशेजारी तुमचा एचबीएवनसीचा रिपोर्ट पडून असतो. तिचा त्यात दोष नाही. तिला दुसरी सोयच दिलेली नाही.

कागद गेला आणि संगणक आला एवढ्याने भागत नाही, याचं माझ्या माहितीतलं सर्वांत बोलकं उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथल्या करखात्याने ऑक्टोबर २००७ मध्ये दोन सीडी लंडनच्या ऑडिट ऑफिसला पाठवल्या. मुलांसाठी सरकारी भत्ता घेणाऱ्या सगळ्या कुटुंबांची माहिती त्यांत होती. सुमारे अडीच कोटी माणसं, त्यांची नावं, पत्ते, जन्मतारखा, विमा क्रमांक, बँक खाती. पाठवल्या कशा? खात्याच्या नेहमीच्या टपालाने, नोंद न करता. त्या पोचल्याच नाहीत. मग दुसऱ्या सीडी करून नोंदणीकृत टपालाने पाठवल्या, त्या पोचल्या! पहिल्या आजतागायत सापडल्या नाहीत. त्यांना पासवर्ड होता, पण आतली माहिती सांकेतिक केलेली नव्हती. नोव्हेंबरमध्ये अर्थमंत्री अलिस्टर डार्लिंग यांना संसदेत उभं राहून हे सांगावं लागलं आणि खात्याचे प्रमुख पॉल ग्रे यांनी राजीनामा दिला.

पण या प्रकरणातली मला सर्वांत लागलेली गोष्ट वेगळीच आहे. ऑडिट ऑफिसने बँक खाती वगैरे मागितलीच नव्हती. तो तपशील काढून टाका असं त्यांनी आधी सांगितलं होतं. ते गाळण्याचं काम करायला जास्तीचा खर्च येईल म्हणून अख्खं गाठोडं पाठवलं गेलं.

इथे मला आमच्या बोर्डाची आठवण येते. दहावीच्या उत्तरपत्रिकेवर बारकोडचं स्टिकर असतं. तपासणाऱ्या शिक्षकाला मुलाचं नाव, गाव, आडनाव कळत नाही. कारण तपासायला ते लागतच नाही. पुढे निकाल लावताना बारकोडवरून क्रमांक जुळतो. आमच्या बोर्डाला लोक पुष्कळ नावं ठेवतात (मीही ठेवते), पण ज्याला जेवढं लागतं तेवढंच त्याच्या हातात द्यायचं, ही गोष्ट त्याला कळली आहे. विम्याच्या यादीला हेच लावा. मुलाच्या एचआरला त्याच्या आईचं वय कळावं, ठीक. तिला कोणता आजार आहे, कोणती गोळी चालू आहे, हे एचआरला कशाला हवं? क्लेमचे कागद कर्मचाऱ्याने थेट विमा कंपनीच्या किंवा टीपीएच्या पोर्टलवर चढवावेत, ऑफिसने मध्ये येऊच नये. पुष्कळ ठिकाणी आता तशी व्यवस्था आहेही. जिथे नाही तिथे 'आमची पद्धतच तशी आहे' हे उत्तर मिळतं.

आता पासवर्डाची गंमत. विम्याची पीडीएफ येते, खाली लिहिलेलं असतं, पासवर्ड म्हणजे आपली जन्मतारीख. ई-आधारचा पासवर्ड तर सगळ्या देशाला ठाऊक आहे, नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं वर्ष. अहो, पाकिटावर नाव लिहिलेलंच आहे! आणि जन्मवर्ष त्या एक्सेल शीटमध्ये गावभर फिरून आलेलं आहे. याहून कडी म्हणजे कुलूप घातलेली फाइल आणि तिचा पासवर्ड एकाच ईमेलमध्ये पाठवणं. कुलपालाच किल्ली बांधून ठेवायची तर कुलपाचे पैसे कशाला घालवायचे?

खरं कुलूप कसं असतं ते मला नातीने समजावलं, आणि मी ते आमच्या कट्ट्यावरच्या मैत्रिणींना असं सांगते. समजा मला तुम्हाला डबा पाठवायचा आहे आणि वाटेतल्या कोणावर भरवसा नाही. तुम्ही मला तुमचं उघडं कुलूप पाठवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा. मी डबा भरून कुलूप दाबून बंद केलं की मलासुद्धा तो उघडता येत नाही. तो उघडणार फक्त तुम्ही. किल्ली प्रवास करतच नाही! ही कल्पना डिफी आणि हेलमन या दोघांनी १९७६ मध्ये मांडली आणि आज बँकेच्या साइटवर जे सुरक्षित बोलणं चालतं त्याच्या मुळाशी ती आहे. म्हणजे साधन पन्नास वर्षांपूर्वीचं आहे. नवं काही शोधायचं नाही, वापरायचंच तेवढं बाकी आहे.

चांगल्या पोर्टलचा दुसरा गुण मला जास्त मोलाचा वाटतो. कोणी, कधी, कोणता कागद उघडला याची तिथे नोंद राहते. पोचपावती पाकीट मिळाल्याची असते, ही नोंद पाकीट वाचल्याची असते. माझ्या विद्यार्थ्याच्या फाइलीला ती असती तर निदान विचारता आलं असतं, की बाबा, तू हे कशासाठी उघडलंस?

हे सगळं लिहिताना दुसरी बाजू मला दिसत नाही असं नाही. खाकी पाकीट हरवलं तर एका घराची अब्रू जाते. संगणकाचं कोठार फुटलं तर कोट्यवधींची. अमेरिकेत २०१५ मध्ये अँथम या आरोग्य विमा कंपनीची सुमारे आठ कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थच्या ग्राहकांची माहिती, वैद्यकीय अहवालांसकट, टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून कोणालाही मिळत असल्याचं उघडकीला आलं. आपल्याकडे तीन कोटींहून जास्त ग्राहकांची माहिती असल्याचा विकणाऱ्याचा दावा होता. कंपनीला मद्रास उच्च न्यायालयात जावं लागलं. म्हणून कागदाकडे परत जा, असं मात्र मी म्हणणार नाही. कोठारात साठवता कशाला, एवढं विचारीन. पॉलिसी संपली, क्लेम मिटला, कायद्याने ठेवायची मुदत उलटली, की पुसून टाका. शाळेतसुद्धा उत्तरपत्रिका ठरावीक मुदतीनंतर रद्दीत जातात.

कायदा आता आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. तो खटला लावणारे न्या. पुट्टस्वामी निवृत्त होते आणि याचिका केली तेव्हा ऐंशी पार केलेले होते (हे मी आमच्या कट्ट्यावर मुद्दाम सांगते). त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. माहिती सांकेतिक करा, कोणी पाहिली त्याची नोंद वर्षभर ठेवा, फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवा, हे त्या नियमांत आहे. सुरक्षेत हयगय केली तर दंड अडीचशे कोटींपर्यंत. मुख्य जबाबदाऱ्यांसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत दिली गेली.

दोन गोष्टी मात्र खटकतात. कायद्याच्या नावातच 'डिजिटल' आहे, म्हणजे जी माहिती कधी संगणकावर चढलीच नाही, ते टेबलावर पसरलेले खाकी पाकिटातले कागद, त्याला लागत नाहीत. आणि २०११ च्या जुन्या नियमांत आजारपणाची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढलेली होती. नव्या कायद्यात तसा वेगळा वर्ग नाही. माझा फोननंबर आणि माझ्या विद्यार्थ्याची डिस्चार्ज समरी एकाच पंक्तीला. हे का केलं असावं, याची कारणं कायदेपंडितांनी द्यावीत. मला ते पटलेलं नाही.

मुलाला मी त्याच्या एचआरला तीन प्रश्न लिहून विचारायला सांगितले आहेत. आमची यादी कोणाकोणाकडे जाते, कशाने जाते, आणि तू नोकरी सोडलीस तर ती कधी पुसली जाते? "आई, असं कोणी विचारत नाही गं," म्हणाला. मग म्हणाला, "बरं, विचारतो." गेल्या आठवड्यात एचआरचं उत्तर आलं. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं व्यवस्थित आहेत, चक्क पोर्टलचं नावही दिलंय. तिसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिलंय की ब्रोकरला विचारून कळवतो.