चव्वेचाळीस टनांचा भार कोणी वाहावयाचा?

मालमोटारीने किती वजन वाहावे आणि तिची लांबी-रुंदी किती असावी, हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर सहसा येत नाही. तो तज्ज्ञांच्या समित्यांत ठरतो, राजपत्राच्या परिशिष्टात छापला जातो आणि एखादा पूल खचेपर्यंत कोणाच्या स्मरणात राहत नाही. युरोपीय आयोगाने ११ जुलै २०२३ रोजी मांडलेला प्रस्ताव याच जातीचा आहे. पाच आसांच्या मालमोटारीला एका देशातून दुसऱ्या देशात जाताना ४० टनांची मर्यादा आहे. कित्येक देश स्वतःच्या हद्दीत ४४ टन चालू देतात. मग ज्या शेजारी देशांनी घरात ४४ टनांना परवानगी दिली आहे, त्यांच्या दरम्यान सीमेवरही ती असावी, डिझेलच्या गाड्यांना २०३४ अखेरपर्यंत आणि विजेवरच्या गाड्यांना पुढेही, असे आयोगाचे म्हणणे. सव्वापंचवीस मीटर लांबीच्या जोडगाड्यांनाही अशीच वाट मोकळी करावी, अशी त्यास जोड आहे. फेऱ्या कमी होतील, इंधन वाचेल, धूर कमी होईल, ही कारणे.

कारणे खोटी नाहीत. परंतु जमेच्या बाजूचा आकडा वाचून हिशेब मान्य करण्याची सवय आपल्या चळवळीला नाही, नसावी. दर फेरीस चार टन अधिक माल गेला, तर त्याचे भाडे गाडीमालकाच्या वा माल पाठविणाऱ्याच्या खात्यात पडते. त्या चार टनांखाली जो रस्ता झिजतो, तो मात्र सर्वांचा असतो.

झीज किती, याचे एक प्रसिद्ध मोजमाप उपलब्ध आहे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर गाड्या अहोरात्र फिरवून प्रयोग करण्यात आला. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की, रस्त्याची हानी आसेवरील भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला की हानी सोळापट. एक टन भाराच्या आसेच्या तुलनेत दहा टनांची आस दहा हजारपट हानी करते. रस्त्याच्या थरांप्रमाणे हा घात कमीअधिक होतो, हे अभियंतेच सांगतात. परंतु दिशा निर्विवाद आहे. मोटारसायकलवरून कामाला जाणारा मजूर आणि जड मालमोटार एकाच रस्त्याचे उपभोक्ते म्हणविले जातात, यातला विनोद या आकड्यांतून उघड होतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. एकूण वजन आणि आसेवरचे वजन हे दोन निराळे प्रश्न आहेत. ४४ टन सहा आसांवर नीट वाटले, तर ती गाडी पाच आसांच्या ४० टनी गाडीपेक्षा रस्त्याला सौम्य ठरू शकते. ब्रिटनने २००१ मध्ये ४४ टनांस परवानगी दिली ती सहा आसांच्या अटीवर, आणि चालक आसेवर साडेदहा टनांहून अधिक भार नको, असे बजावून. युरोपच्या सीमापार नियमात हीच मर्यादा साडेअकरा टन आहे. एका टनाचा फरक. चौथ्या घाताने मोजला तर हानी सुमारे ४४ टक्क्यांनी अधिक. तेव्हा आमचा आक्षेप मोठ्या आकड्याला म्हणून नाही. पुलांचे तेवढे वेगळे. त्यांना एकूण वजन आणि आसांमधील अंतर यांचा हिशेब द्यावा लागतो, आणि जुन्या पुलाला राजपत्र वाचता येत नाही. ब्रिटन व आयर्लंड यांना त्यांचे पूल मजबूत करण्यासाठी १९९८ अखेरपर्यंत सवलत द्यावी लागली होती, ती उगाच नव्हे.

आमचा आक्षेप या नियमांच्या चालीला आहे. युरोपीय समुदायाने डिसेंबर १९८४ मध्ये ४० टनांचे समान मान ठरविले. १९९६ च्या निर्देशाने त्याला रुंदी २.५५ मीटर, उंची ४ मीटर, जोडगाडीची लांबी १८.७५ मीटर अशी चौकट दिली. १९९५ साली स्वीडन आणि फिनलंड संघात आले, ते आपल्या ओसाड उत्तरेत चालणाऱ्या २४ मीटरपर्यंत लांब आणि ६० टनांच्या गाड्या घेऊन. तडजोड म्हणून सव्वापंचवीस मीटरची मांडणी निघाली. फिनलंडने पुढे २०१३ मध्ये ७६ टनांपर्यंत मजल मारली. प्रत्येक वेळी एका देशाची घरगुती सवलत काही वर्षांनी सीमेवर हक्क म्हणून उभी राहते. शेजाऱ्याचा वाहतूकदार मग ओरडतो की, स्पर्धेत आमचे नुकसान होते. आणि त्याचे सरकार मर्यादा वाढविते. ही शिडी वर चढण्यासाठीच बांधलेली आहे. उतरणारा कोणी आढळत नाही.

४४ टनांची मुभा मुळात कशासाठी ठेवली होती, हेही लक्षात घ्यावे. चाळीस फुटी पेटी रेल्वेने किंवा जहाजाने आली आणि शेवटचा टप्पा रस्त्याने न्यावयाचा असला, तर तेवढ्यापुरते ४४ टन चालावेत, असा तो अपवाद होता. रेल्वेची कास धरणाऱ्याला दिलेले ते बक्षीस होते. तेच बक्षीस सर्वांना वाटले की मिळविण्याचे कारण उरत नाही.

मग शिडीवर चढण्यास नकार देता येतो काय? आल्प्सच्या कुशीतील एका छोट्या देशाने तो दीर्घकाळ दिला. स्वित्झर्लंडमध्ये मालमोटारींची मर्यादा २८ टन होती. जर्मनीहून इटलीला जाणारी ४० टनी गाडी तेथे शिरू शकत नसे; तिला ऑस्ट्रियातील ब्रेनर खिंडीकडे किंवा फ्रान्सकडे वळसा घालावा लागे. (वळणवाटेवरील खोऱ्यांचे हाल त्यामुळे वाढले, हेही खरे. शेजाऱ्याच्या अंगणात कचरा ढकलून कोणी नीतिमान ठरत नाही.) २० फेब्रुवारी १९९४ रोजी स्विस मतदारांनी सरकारचा विरोध डावलून, सुमारे ५२ टक्के मतांनी, आल्प्स ओलांडून जाणारा परदेशी माल रेल्वेने न्यावा, असे कलम राज्यघटनेत घातले. युरोपीय संघ ४० टनांसाठी अडून बसला होता. मग सौदा झाला. मर्यादा २००१ पासून ३४ आणि २००५ पासून ४० टन. परंतु साडेतीन टनांहून जड प्रत्येक मालगाडीने, स्विस असो वा परकी, कमाल अनुज्ञेय वजन आणि चाललेले किलोमीटर यांच्या गुणाकारावर, धुराच्या प्रतीनुसार, शुल्क भरावयाचे. हे शुल्क लागू करण्याचा कायदा वाहतूकदारांच्या संघटनेने सार्वमतास नेला. सप्टेंबर १९९८ मध्ये ५७ टक्के मतदारांनी तो उचलून धरला. शुल्क गाडीच्या अनुज्ञेय वजनावर असल्याने रिकामी गाडी पळविली तरी पैसे पडतात. या उत्पन्नाचा एक भाग प्रांतांना जातो; बाकीच्या पैशांतून मुख्यतः रेल्वेची कामे झाली. २००७ चा लोएचबर्ग बोगदा आणि २०१६ मध्ये खुला झालेला ५७ किलोमीटरचा गोट्हार्ड बोगदा यांमागे हा पैसा आहे.

फळ काय? आल्प्स ओलांडणाऱ्या मालमोटारी २००० साली सुमारे १४ लाख होत्या. २०१६ पासून त्या १० लाखांच्या खाली आहेत, आणि या वाटेवरील ७० टक्क्यांहून अधिक माल रेल्वेने जातो. कायद्याने ठेवलेले साडेसहा लाखांचे लक्ष्य मात्र स्वित्झर्लंडला गाठता आलेले नाही. हेही सांगितले पाहिजे, कारण स्विस नमुन्याचे गोडवे गाणारे ते सांगत नाहीत.

या साऱ्या आकडेमोडीत चालक कोठे आहे? आयोगाचा प्रस्ताव आला त्याच २०२३ साली जर्मनीतील ग्रॅफेनहाउझेन येथील महामार्गाच्या विश्रांतिस्थळी जॉर्जिया, उझबेकिस्तान आदी देशांतील चालकांनी थकलेल्या वेतनासाठी आपल्या गाड्या उभ्या केल्या. मालक पोलंडचा, माल पश्चिम युरोपचा, रस्ता जर्मनीचा. वसंतात पैसे मिळाले. उन्हाळ्यात पुन्हा संप करावा लागला आणि तो सप्टेंबर अखेरपर्यंत चालला. टन आणि मीटर यांचे मान सीमेपार एक करण्यास चाळीस वर्षे खपणाऱ्या यंत्रणेला वेतनाचे मान एक करणे जमलेले नाही. अधिक वजनामुळे होणारी बचत चालकाच्या हाती पडेल, असे प्रस्तावाचे समर्थकही म्हणत नाहीत.

आपल्याकडे हाच निर्णय कसा झाला ते पाहा. जुलै २०१८ मध्ये, वाहतूकदारांचा देशव्यापी संप तोंडावर असताना, केंद्र सरकारने एका अधिसूचनेद्वारे चार चाकांच्या एकेरी आसेचे मान १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेले. सर्वांत जड गाडीचे ४९ टनांवरून ५५ वर. आसेवरील भार १३ टक्क्यांनी वाढला; चौथ्या घाताच्या नियमाने दर फेरीची झीज साठ टक्क्यांहून अधिक वाढते. फेऱ्या कमी होऊनही ती सारी भरून निघत नाही. शुल्क नाही, सार्वमत तर दूरच, संसदेत चर्चाही नाही. रस्त्यावरील वहनक्षमता एका रात्रीत वाढली आणि हप्त्यावर एकच गाडी घेतलेल्या मालकाचे भाडे पडले. महामार्गाची दुरुस्ती पथकरातून होईल, असे क्षणभर मानले, तरी तीच गाडी जिल्हा परिषदेच्या रस्त्यावर वळली की खर्च कोणाचा, हे आपल्या कार्यकर्त्यांना सांगावयास नको.

आता हा प्रश्न आपल्याही सीमेवर उभा आहे. बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी १५ जून २०१५ रोजी थिंफू येथे मोटार वाहनांच्या सीमापार वाहतुकीचा करार केला. भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने २०१६ मध्ये त्यास मान्यता नाकारली. परक्या गाड्यांचा लोंढा, पर्यावरणाची हानी आणि स्थानिक गाडीवाल्यांचा रोजगार ही त्यांची चिंता होती. भूतानला अडथळा मानून बाकीच्या तिघांनी पुढे पाऊल टाकले. डोंगराळ देशाची ही शंका १९९४ च्या स्विस मतदाराच्या शंकेहून निराळी नव्हती. फरक एवढाच की, स्वित्झर्लंडशी युरोपला सौदा करावा लागला.

पेट्रापोल-बेनापोल सीमेवर भारतीय गाडीतील माल उतरवून बांगलादेशी गाडीत भरण्याची पद्धत आहे. करार पूर्णपणे अमलात आला, तर गाडी न उतरता थेट पुढे जाईल. वेळ वाचेल, नासाडी थांबेल. त्याला आमचा विरोध नाही. पण मग भारताची साडेअकरा टनांची आस शेजाऱ्याच्या रस्त्यावर कोणत्या दराने जाईल, तो पैसा रेल्वेला आणि नदीमार्गांना मिळेल काय, आणि आज माल उतरविणाऱ्या हमालांना कोणते काम दिले जाईल, हे करारातच लिहिले पाहिजे. वजनाचे मान अधिसूचनेने ठरविण्याची २०१८ ची रीत येथे चालू देता कामा नये. ते संसदेपुढे आले पाहिजे, आणि संबंधित राज्यांच्या, चालकांच्या व हमालांच्या संघटनांना त्यापूर्वी बोलावले पाहिजे.